वहींत नसलेलें नांव

गेलीं अनेक वर्षें मी आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागांत व्यायामशिक्षकाचें काम करीत आहें. या वार्षिकांतील खेळांचा अहवाल बहुधा माझ्याच हातचा असतो. कोणत्या गटानें ढाल जिंकली, कोणी किती लांब उडी मारली, एवढें सांगितलें कीं माझें काम संपतें. यंदा संपादकांनीं अहवालाखेरीज आणखी कांहीं लिहावें असा आग्रह धरला. तेव्हां जी गोष्ट कोणत्याहि अहवालांत येत नाहीं, तीच लिहावी असें मनांत आलें. ती माझ्या एका वहीची गोष्ट आहे, आणि खरें सांगावयाचें तर माझ्या एका चुकीची.

माझ्या खिशांत शिट्टीबरोबर एक लहानशी वही असते. मैदानावर जें मूल खोडी करी, त्याचें नांव, इयत्ता, तारीख व अपराध मी तींत टिपून ठेवीत असें. मजकडे १० तुकड्या येतात. एकेका तुकडींत ४० ते ४५ मुलें. म्हणजे ४०० हून अधिक मुलें माझ्या डोळ्यांखालून जातात, आणि त्यांपैकीं प्रत्येक मूल मला आठवड्यांतून दोनच वेळां, तेंहि ३५-३५ मिनिटें, दिसतें. वर्गशिक्षिकेस आपल्या मुलांचें हस्ताक्षर, त्यांचे डबे, त्यांचीं आजारपणें, सर्व ठाऊक असतें. मला तें कोठून ठाऊक असणार? म्हणून ही वही मला माझी दुसरी स्मरणशक्तीच वाटे, आणि तिचा मला थोडा अभिमानहि होता. "ढकलतो," "रांग मोडतो," "शिट्टीनंतरहि धांवत राहतो," "टवाळी करतो," "हरल्यावर रडून खेळ मोडतो," अशा नोंदींनीं तिचीं पानें भरलेलीं होतीं.

वर्गांतील मूल आणि मैदानावरील मूल हीं पुष्कळदां दोन निराळीं मुलें असतात. वर्गांत बांक असतो, पुस्तक असतें, चार भिंती असतात. मुलाचें अर्धें शरीर बांकाखालीं झांकलेलें असतें. मैदानावर आडोसा कसलाच नाहीं. धांवतां येत नसेल तर तें सर्वांस दिसतें. चेंडू हातांतून निसटला तर चाळीस जण पाहतात. हरल्यावर तोंड कोठें लपवावें हें कळत नाहीं. त्यामुळें जें मूल वर्गांत गाईसारखें गरीब, तें येथें वाघ होतें. आणि वर्गांत ज्याची जीभ क्षणभर थांबत नाहीं, तें येथें माझ्या मागें येऊन उभें राहतें. वर्गशिक्षिका व मी एकाच मुलाविषयीं बोलूं लागलों, म्हणजे ऐकणारास वाटावें कीं आम्ही दोन निराळ्या घरच्या मुलांविषयीं बोलत आहोंत.

परंतु आम्हां व्यायामशिक्षकांच्या दृष्टीलाहि एक वळण पडलेलें असतें, हें मला फार उशीरां कळलें. त्याचें एक कारण भीति. मोकळ्या जागेंत चाळीस मुलें धांवत असतां एखादें दगडावर आपटलें, तर जबाबदारी माझी. म्हणून अवेळीं झालेली प्रत्येक हालचाल मला प्रथम अवज्ञाच वाटते. दुसरें कारण जुन्या संवयीचें आहे. पूर्वीं आपल्याकडे पुष्कळ शाळांत कवाईत शिकविण्यास सैन्यांतून निवृत्त झालेले शिपाई नेमीत. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रासेस वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें, आणि केवळ कवाइतीवर न थांबतां खेळांच्या द्वारें शिक्षण देणारे शिक्षक तेथें तयार होऊं लागले. त्या गोष्टीस आज शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. तथापि सरळ रांग म्हणजे चांगलीं मुलें आणि वांकडी रांग म्हणजे वाईट मुलें, हें जुनें समीकरण आमच्या डोळ्यांतून पुरतें गेलेलें नाहीं. माझ्या डोळ्यांतून तर मुळींच गेलें नव्हतें.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता. शाळा सुटल्यावर मी मैदानावर फक्कीच्या रेघा नव्यानें मारीत होतों, इतक्यांत एक बाई फाटकाशीं येऊन उभ्या राहिल्या. तिसरींतील एका मुलीच्या त्या आई. त्यांनीं कसलीहि तक्रार केली नाहीं, एवढेंच विचारलें, "सर, माझी मुलगी मैदानावर कोणाबरोबर खेळते?"

"सगळ्यांबरोबरच खेळते कीं," मी म्हणालों. "फार शांत मुलगी आहे. तिच्याविषयीं माझी कांहींएक तक्रार नाहीं."

हें उत्तर मीं तिचा चेहरा नीट न आठवतांच दिलें होतें. पहिलीपासून ती मुलगी माझ्याकडे येत होती!

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "घरीं आल्यावर ती खेळाच्या तासाची सगळी हकीकत सांगते. कोण पडलें, कोणीं कोणास बाद केलें, कोण भांडलें, कांहीं म्हणून सोडीत नाहीं. पण सर, त्या हकीकतींत ती स्वतः कधींच नसते."

त्या रात्रीं मीं वही उघडून पहिल्यापासून वाचली. एका मुलाचें नांव ११ वेळां होतें. दुसऱ्या एकाचें ७ वेळां. नांवें जवळ जवळ सर्व मुलग्यांचीं होतीं. त्या मुलीचें नांव कोठेंच नव्हतें, आणि तिच्यासारख्या इतर मुलांचींहि नव्हतीं. आवाज करणारें प्रत्येक मूल माझ्या वहींत होतें; आवाज न करणारें एकहि नव्हतें. जें मूल मला त्रास देत नाहीं, त्यालाहि कांहीं त्रास नसावा, असें मीं न तपासतां धरून चाललों होतों.

पुढें या विषयावर वाचूं लागलों, तेव्हां ही चूक माझ्या एकट्याची नाहीं असें दिसून आलें. अमेरिकेंत ई. के. विकमन नांवाच्या संशोधकानें १९२८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वागणुकींतील कोणते दोष किती गंभीर आहेत, असें त्यानें शिक्षकांस विचारलें आणि मनोविकारांच्या जाणत्यांसहि विचारलें. चोरी, खोटें बोलणें, आज्ञाभंग, उद्धटपणा हे दोष शिक्षकांस फार गंभीर वाटले. जाणत्यांनीं मात्र एकलकोंडेपणा, भित्रेपणा, संशयीपणा आणि सतत खिन्न असणें यांस अधिक गंभीर मानलें. या तुलनेवर पुढें आक्षेपहि आले, आणि ते योग्यच होते. कारण दोन्ही पक्षांस घातलेले प्रश्न अगदीं एकसारखे नव्हते. शिक्षकांस आजच्या उपद्रवाविषयीं विचारलें होतें आणि जाणत्यांस मुलाच्या पुढील आयुष्याविषयीं. परंतु माझ्यापुरता मला त्यांतच बोध दिसला. मैदानावर उभा असतांना मीहि केवळ आजच्या ३५ मिनिटांचा विचार करीत होतों. ती आई आपल्या मुलीच्या साऱ्या आयुष्याचा विचार करीत फाटकाशीं आली होती.

पुढील तासाला मीं वही खिशांतच ठेविली आणि त्या मुलीकडे पाहत राहिलों. ती रांगेंत अगदीं नीट उभी होती. चेंडू घेऊन धांवण्याची पाळी दोन मुलांवर येऊन ठेपली, तोंच ती खालीं वांकून बुटाची नाडी बांधूं लागली आणि मागच्या मुलीला हातानें "तूं जा" अशी खूण केली. असें तीन वेळां झालें. तिसऱ्या वेळेस ती रांगेच्या शेवटीं पोंचली होती, आणि तेवढ्यांत घंटा झाली. तिनें एकहि नियम मोडला नव्हता; तासभर ती खेळलीहि नव्हती.

त्यानंतर गडी निवडण्याचा प्रसंग आला. दोन नायकांनीं पुढें यावें आणि आळीपाळीनें एकेक गडी नांव घेऊन उचलावा, ही पद्धति मींच पाडलेली. मुलांस तींत मौज वाटते असें मी समजत होतों. शेवटीं ती एकटीच उरली. तेव्हां एक नायक दुसऱ्यास मोठ्या उदारपणें म्हणाला, "ही तुम्हांलाच राहूं दे." कोणी हंसलें नाहीं, कोणी चिडविलें नाहीं. तीहि निमूटपणें त्या बाजूस जाऊन उभी राहिली. हें दर आठवड्यास माझ्या समक्ष, माझ्या शिट्टीच्या इशाऱ्यानें, चाललेलें होतें. असल्या भर बाजारांत दर आठवड्यास शेवटीं उरण्यापेक्षां नाडी बांधीत बसणें कोणासहि बरें वाटेल.

तेव्हां मला माझ्या लहानपणची रीत आठवली. आम्ही गांवीं खेळतांना गडी असे उचलीत नसूं. दोघां-दोघांनीं जोडी करून दूर जावयाचें, गुपचूप दोन नांवें घ्यावयाचीं, एकानें सूर्य व्हावें, दुसऱ्यानें चंद्र. मग गळ्यांत हात घालून नायकांपुढें यावयाचें आणि त्यांनीं सूर्य किंवा चंद्र मागून घ्यावयाचा. कोणाच्या वांट्यास कोण येईल हें नायकांस आधीं कळत नसे. खेड्यांतील पोरांनीं कोणत्याहि शिक्षणशास्त्राशिवाय चालविलेली ही रीत किती शहाणपणाची होती, हें मला तिचा विसर पडल्यावर कळलें. मीं ती पुन्हां सुरू केली. जोडी मात्र उंचीप्रमाणें मीच लावून देऊं लागलों. म्हणजे जोडीदाराविना कोणी उरावयास नको.

एकदां डोळे उघडल्यावर वहींत असलेल्या मुलांकडेहि निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडलें. ज्याचें नांव ११ वेळां होतें, तो दुसरींतील मुलगा. अपराध नेहमीं एकच: "ढकलतो." तो केव्हां ढकलतो हें मात्र मीं कधींच लिहिलें नव्हतें. तें लिहूं लागलों, तेव्हां दिसलें कीं धांवतांना तो क्वचित्‌ ढकली. ढकली तो बहुधा उभा असतांना. मग मीं एक साधा हिशेब केला. ४० मुलें, एक चेंडू, प्रत्येकाची पाळी अर्ध्या मिनिटाची. म्हणजे २० मिनिटांत त्याच्या वांट्यास अर्धें मिनिट खेळ आणि साडेएकोणीस मिनिटें उभें राहणें. खो-खोंत तरी काय? पाठलाग करणारे ९ आणि पळणारे ३, म्हणजे एका वेळीं मैदानांत १२. तुकडी ४० ची असली कीं २८ जणांस नुसतें पाहत बसावें लागतें. खेळाच्या तासांत खेळापेक्षां वाट पाहणेंच अधिक, आणि सात वर्षांच्या मुलानें तें हातपाय न हलवितां करावें ही माझी अपेक्षा! जुन्या मोज्यांत चिंध्या भरून मीं आठ चेंडू केले आणि पांच-पांच मुलांच्या आठ रांगा लावल्या. आतां पाळी दोन मिनिटांनीं येऊं लागली. ढकलणें पुष्कळ कमी झालें. तें अजिबात थांबलें असें मी म्हणणार नाहीं. त्या मुलाच्या घरीं त्या वर्षीं एक दुःख होतें आणि तें चेंडूंच्या संख्येनें दूर होण्यासारखें नव्हतें. परंतु त्याचें किती ओझें घरचें आणि किती मीं लादलेलें, एवढें तरी मला निराळें करतां आलें.

तिसऱ्या मुलापुढें माझी नोंद होती, "टवाळ." चेंडू झेलण्याची वेळ आली कीं तो मुद्दाम लोळण घेई आणि साऱ्या तुकडीस हंसवी. एके दिवशीं सर्व मुलें गेल्यावर मीं त्याला थांबवून घेतलें आणि दोन हातांच्या अंतरावरून अगदीं हलकेंच चेंडू टाकला. हंसावयास कोणी नव्हतें. तरीहि त्याला तो झेलतां आला नाहीं. पुन्हां टाकला, पुन्हां चुकला. मग तो माझ्याकडे पाहीना. वर्गशिक्षिकेस विचारलें, तेव्हां त्याला सदऱ्याचीं बटणें लावण्यास वेळ लागतो, अक्षर ओळ सोडून जातें, असें कळलें. पालकांनीं डॉक्टरांस दाखविलें. कांहीं मुलांच्या बाबतींत बुद्धि चांगली असून हातापायांच्या हालचालींचा मेळ वयाप्रमाणें बसत नाहीं. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत अशीं मुलें शेंकडा ५ ते ६ असतात असें वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणजे ४० मुलांच्या तुकडींत असें एखाद-दुसरें मूल निघण्याचा संभव आहे. लोकांनीं हंसण्यापूर्वीं आपणच त्यांस हंसवावें, हा त्या मुलानें शोधून काढलेला उपाय होता. मीं त्याला टवाळकी म्हटलें आणि मैदानाला पांच फेऱ्या मारावयास लाविलें.

त्या फेऱ्यांविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा देण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी हातांतून गेली. पण फेऱ्या, बैठका यांस आम्ही शिक्षा समजतच नव्हतों, तो तर व्यायाम! गणिताच्या शिक्षकानें शिक्षा म्हणून गणितें घालावींत आणि मुलास गणिताचा कंटाळा कां, म्हणून हळहळावें, तसाच हा प्रकार झाला. धांवणें ही आनंदाची गोष्ट आहे हें शिकविण्यासाठीं माझी नेमणूक आणि धांवण्याचाच मीं दंड केलेला. आतां फार गडबड करणारें मूल दोन मिनिटें माझ्या शेजारीं बसतें, आणि आपण तयार आहों असें त्यानें सांगितलें कीं परत खेळावयास जातें.

आपल्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं शुभवर्तमानांतील हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण पुष्कळदां ऐकलेला आहे. मेंढपाळ नव्याण्णवांस सोडून एका मेंढराच्या शोधास निघतो. मला पूर्वीं त्यांतील शोधाचेंच कौतुक वाटे. आतां मनांत येतें कीं, शोधापूर्वीं त्या मेंढपाळानें आणखी एक काम केलेलें असलें पाहिजे. शंभरांच्या कळपांतून एक मेंढरूं नाहींसें झालें, हें नुसत्या नजरेनें कळत नाहीं. कळप तसाच भरलेला दिसतो. हरवलेलें मेंढरूं कळपांत ओरडून सांगत नाहीं. त्यानें मोजलें असेल, तेव्हांच त्याला कळलें असेल. मी आवाज ऐकत होतों, मोजीत नव्हतों.

म्हणून आतां माझ्या वहीची पद्धति मीं बदलली आहे. प्रत्येक तुकडीचीं सर्व नांवें तींत आधींच लिहिलेलीं असतात, आणि दर तासाला पांच मुलांकडे मी मुद्दाम पाहतों, मग तीं खोडकर असोत कीं शांत. आठ-नऊ तासांत सारी तुकडी पाहून होते, आणि ज्या नांवापुढची जागा कोरी राहते तें नांव मला दुसऱ्या दिवशीं शोधावें लागतें.

पालकहो, आपणांस एक विनंति आहे. मूल घरीं आल्यावर "कितवा आलास?" असें विचारण्याऐवजीं "कोणाबरोबर खेळलास?" असें विचारावें, आणि उत्तरांत तें स्वतः आहे कीं नाहीं हें कान देऊन ऐकावें. नसेल तर फाटकाशीं येऊन आम्हांस सांगावें. आम्ही ४०० मुलें पाहतों, आपण एकच पाहतां. म्हणून आपल्या दृष्टीस जें दिसतें तें आमच्या दृष्टीस येत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं जे नायक होतात त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, गडी निवडतांना शेवटचें नांव कोणाचें तरी असणारच. तें दर वेळीं एकाचेंच नसावें.

आतां त्या मुलीविषयीं सांगून हा लेख पुरा करतों. त्या वर्षाच्या अखेरीस, परीक्षेपूर्वींच्या एका तासाला, लंगडीचा डाव रंगांत आला होता. लंगडी घालणारीनें हिच्या पाठीस हात लावला, आणि मीं "बाद" म्हणून शिट्टी फुंकली. इतक्यांत ती मुलगी तरातरा माझ्यासमोर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि साऱ्या मैदानास ऐकूं जाईल अशा स्वरांत म्हणाली, "मी बाद नाहीं! हात लागलाच नाहीं मला!"

हात लागला होता. मीं स्पष्ट पाहिला होता. म्हणून मीं तिला बादच दिलें. ती पाय आपटीत रेघेबाहेर गेली. मीं वही काढली आणि तिच्या नांवापुढें तारीख घालून लिहिलें, "पंचांशीं भांडली." वाईट वागणुकीची नोंद लिहितांना इतकें समाधान मला त्यापूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्या दिवशीं घरीं तिनें जी हकीकत सांगितली असेल, तींत ती स्वतः होती, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं.